नागिनची बीन, डीपीची घूं आणि ॲनालॉग सिंथ: नॉइज नक्की बनवतात कसा?

लग्नाच्या वरातीत बँडवाल्याने नागिनची धून धरली की तोंडात रुमाल घेऊन भर रस्त्यात आडवा होणारा एक तरी मामा आपल्या खान्देशात निघतोच निघतो. त्या मामाला कोणी सांगू नका, पण ती बीन मुळात बीन नव्हतीच. १९५४ च्या ‘नागिन’मधला तो आवाज क्लॅव्हिओलिन नावाच्या एका छोट्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर काढलेला आहे आणि वाजवणारे होते कल्याणजी, म्हणजे पुढे कल्याणजी-आनंदजी म्हणून गाजले त्यातले. गारुडी नाही, भोपळ्याची पुंगी नाही, आत नुसते जुन्या रेडिओत असायचे तसे व्हॉल्व्ह आणि तारा. म्हणजे विजेतून काढलेल्या आवाजावर आपण सत्तर वर्षं नाचतोय, तरी सिंथेसायझर म्हटलं की लोकांना कॅसिओच आठवतो, एक नंबर दाबला की बासरी अन् दुसरा दाबला की तबला.

आज त्याबद्दल नाही बोलायचं. आज बोलायचं ॲनालॉग सिंथबद्दल (सिंथ म्हणजे सिंथेसायझरच, विजेतून आवाज घडवणारं मशीन) आणि तेही गाणं वाजवायला नाही, तर वारा, गडगडाट, खरखर, शिट्ट्या, मशीनची घरघर आणि ज्यांना धड नावच देता येत नाही असले आवाज, म्हणजे नॉइज, काढायला. हे काही आजकालच्या पोरांचं खूळ नाहीये बरं का. लुइजी रुसोलो नावाच्या इटालियन माणसाने १९१३ मध्येच जाहीरनामा लिहून टाकला होता की कारखान्याचे, रस्त्याचे आवाजसुद्धा संगीतात आले पाहिजेत, आणि त्यासाठी त्याने स्वतः लाकडी खोकी बांधली होती, हँडल फिरवलं की गुरगुरणारी. १९४८ मध्ये पॅरिसला पिएर शेफरने रेल्वे इंजिनांचे आवाज रेकॉर्ड करून, कापून-जोडून त्याची रचना केली. भुसावळच्या यार्डाजवळ ज्यांचं बालपण गेलं त्यांना याचं काही नवल वाटू नये.

आता मुद्दा. एक गोष्ट डोक्यात बसवा, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. ॲनालॉग सिंथच्या आत एकच माल फिरतो आणि तो म्हणजे व्होल्टेज. ते वर-खाली होत राहतं. सेकंदाला २० ते २०,००० वेळा वर-खाली झालं आणि स्पीकरपर्यंत पोचलं की आपल्याला आवाज ऐकू येतो. त्याहून हळू झालं, म्हणजे समजा सेकंदाला दोनदा किंवा दहा सेकंदांत एकदा, तर ऐकू काहीच येत नाही, पण तेच व्होल्टेज दुसऱ्या एखाद्या भागाच्या कंट्रोलला लावलं तर तिथला नॉब कोणीतरी फिरवत असल्याचा परिणाम मिळतो. भराभर हललं तर आवाज, सावकाश हललं तर नॉब फिरवणारा हात, आणि मशीनला यातलं काय काय आहे ते कळतच नाही, तिच्यासाठी दोन्ही व्होल्टेजच. म्हणून आवाजाची तार कंट्रोलच्या भोकात खुपसता येते, कंट्रोलची तार आवाजाच्या भोकात, आणि सगळी गंमत तिथून सुरू होते.

भाग थोडक्यात सांगतो, कारण यूट्यूबवर यावर ढीगभर आहे. ऑसिलेटर म्हणजे एकच आकार पुन्हा पुन्हा काढत राहणारा भाग: साइन गुळगुळीत शिट्टी, स्क्वेअर पोकळ अन् नाकातला, सॉटूथ करकरीत. फिल्टर आवाजातल्या काही फ्रिक्वेन्सी अडवतो (फ्रिक्वेन्सी म्हणजे सेकंदाला किती वेळा वर-खाली होतं तो आकडा, हर्ट्झमध्ये मोजतात). व्हीसीए म्हणजे व्होल्टेजने कमी-जास्त होणारा व्हॉल्यूम. एन्व्हलप म्हणजे एकदा ट्रिगर, म्हणजे सुरू हो असा इशारा, दिला की चढून उतरणारं व्होल्टेज, किती पटकन चढायचं अन् किती रेंगाळायचं ते आपण ठरवतो. एलएफओ म्हणजे मघाशी म्हटलं ते सावकाश हलणारं व्होल्टेज. आणि नॉइज सोर्स, त्याच्याकडे येतोच.

ही व्होल्टेजने व्होल्टेज हाकायची आयडिया १९६४ च्या आसपास अमेरिकेत दोन जणांनी वेगवेगळी बांधली, न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग आणि कॅलिफोर्नियात डॉन बुकला. मूगच्या मशीनला पियानोसारखा कीबोर्ड होता आणि एक व्होल्ट वाढला की सूर एक सप्तक वर असा हिशोब, जो आजही चालतो. बुकलाने काळ्या-पांढऱ्या पट्ट्या ठेवल्याच नाहीत, बोट लावायच्या पत्र्याच्या प्लेटा ठेवल्या, कारण त्याचं म्हणणं की कीबोर्ड समोर दिसला की माणूस जुनंच वाजवायला लागतो. नॉइज करणाऱ्यांना बुकला जवळचा का वाटतो ते यातून कळेल.

आणि हे सगळं तिकडेच झालं असं समजू नका. १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर नावाच्या अमेरिकन संगीतकाराने अहमदाबादच्या एनआयडीमध्ये, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, मूग सिंथेसायझर बसवून दिला होता, तिथे काही वर्षं इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ चालला, आपल्या भारतीय लोकांनी त्यावर प्रयोग केले, टेपा केल्या आणि मग त्या टेपा तिथल्या संग्रहात पडून राहिल्या, अलीकडे बाहेर आल्या. नंदुरबारहून ताप्ती लाइनने सुरत गाठलं की पुढे अहमदाबाद कितीसं लांब? आपल्या आजोबांच्या काळात इतक्या जवळ हे चालू होतं अन् आपल्याला पत्ता नाही.

बरं, नॉइज. मे महिन्यात जळगावात कूलर फुल्लवर टाकून डोळे मिटून नीट ऐका. त्यात सूर सापडतो का? मोटारीची थोडी घूं सोडली तर नाही, कारण त्यात जवळजवळ सगळ्याच फ्रिक्वेन्सी एकत्र चाललेल्या असतात. सगळ्या फ्रिक्वेन्सी सारख्या ताकदीने असतील तर त्याला व्हाइट नॉइज म्हणतात, तो कानाला फार फिस्स लागतो. वर जाताना दर सप्तकामागे ३ डेसिबलने उतरत गेला तर पिंक नॉइज, तो भरीव लागतो, पावसाच्या जवळ जाणारा. आता कूलर चालू ठेवून बाजूच्या खोलीत जा आणि दार लावा. फिस्स गेलं, घूं राहिली. बारीक फ्रिक्वेन्सी भिंतीने, दाराने अडवल्या, जाड्या आरपार आल्या. लो-पास फिल्टर नेमकं हेच करतो, फक्त त्याचं दार किती उघडं ठेवायचं ते व्होल्टेजने ठरतं.

सिंथमध्ये हा नॉइज येतो कुठून हे मला फार भारी वाटतं. साधा एनपीएन ट्रान्झिस्टर घ्यायचा, बीसी ५४७ चालतो, आणि त्याचा बेस-एमिटर जोड मुद्दाम उलटा जोडायचा. साधारण ७ ते ९ व्होल्टच्या आसपास तो जोड उलट्या दिशेने फुटतो, म्हणजे त्यातून करंट वाहायला लागतो पण एकसारखा नाही, अडखळत, झुंडीने. ती अडखळ मोठी केली की झाला व्हाइट नॉइज. करंट आटोक्यात ठेवायला एक मोठा रेझिस्टर लागतोच. आणि ९ व्होल्टच्या बॅटरीवर केलं तर नवी असेपर्यंत चालतं, बॅटरी जरा उतरली की नॉइज गायब, मग माणूस तासभर सोल्डरिंग तपासत बसतो. सरळ १२ व्होल्ट द्या.

आता या नॉइजपासून वारा. नॉइज फिल्टरमध्ये सोडा, फिल्टरचा रेझोनन्स (दाराच्या काठावरच्या फ्रिक्वेन्सी उठवून काढणारा नॉब) अर्ध्याच्या वर न्या म्हणजे एका जागी थोडी शिट्टी येईल, आणि फिल्टरचं दार एलएफओने सावकाश उघड-बंद करा. वारा येतो, पण खोटा येतो, कारण एलएफओ मोजून-मापून चालतो आणि वारा कधीच मोजून चालत नाही. म्हणून दोन एलएफओ घ्या, वेगवेगळ्या स्पीडचे, दोघांची बेरीज करून लावा, म्हणजे कधी दोघं एकत्र चढतात, कधी एक दुसऱ्याला खाली ओढतो. वैशाखातली वावटळ पाहिजे असेल तर तेच व्होल्टेज व्हीसीएलाही द्या, कारण खरा वारा जोर धरतो तेव्हा नुसता मोठा होत नाही तर त्याचा आवाज बारीकही होतो, दोन्ही एकदम. बरेच जण इथे नुसता व्हॉल्यूम वर-खाली करतात आणि मग म्हणतात की खरं वाटत नाही.

वाफेचं इंजिनही यातूनच. पाचोरा-जामनेरची पीजे गाडी वाफेवर धावताना पाहिलेली म्हातारी माणसं अजून आहेत, त्यांना ऐकवून बघा. नॉइज, फिल्टर मध्यम, आणि व्हीसीएवर एक छोटा एन्व्हलप, पटकन चढणारा अन् जरा रेंगाळणारा. ट्रिगर स्क्वेअर एलएफओचा. दोन सिलिंडरचं इंजिन चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा भकभकतं, म्हणून चारातला एक ठोका किंचित जड केला तर गाडी खरी वाटते. मग एलएफओचा स्पीड अगदी हळूहळू वाढवायचा आणि जसा स्पीड वाढेल तसा एन्व्हलप आखूड करायचा, नाहीतर ठोके एकमेकांत मिसळून नुसता फसफसाट होतो. गोळीबार, दारूचे बार, दाराचा धाडकन आवाज, हे सगळे याच घराण्यातले: नॉइज आणि आखूड एन्व्हलप. गडगडाटाला फिल्टर जवळजवळ बंद अन् एन्व्हलप लांब, वरून थोडं हलतं-डुलतं रँडम व्होल्टेज.

माझा आवडता आवाज मात्र डीपीचा. शेताच्या बांधावर डीपी, म्हणजे लाइनचा ट्रान्सफॉर्मर, असते ना, रात्री पाणी भरायला गेलं की तिची घूं दुरून ऐकू येते. आपली लाइन ५० हर्ट्झची, पण डीपी ५० वर घुमत नाही, १०० वर घुमते. कारण ट्रान्सफॉर्मरच्या आतलं लोखंड चुंबक झालं की किंचित ताणतं-आखडतं आणि त्याला चुंबकाची दिशा उलटी की सुलटी याच्याशी देणंघेणं नसतं, त्यामुळे करंटच्या एका फेऱ्यात ते दोनदा हलतं. म्हणून सिंथवर एक सॉटूथ १०० हर्ट्झला लावा, फिल्टर बराच बंद. दुसरा ऑसिलेटर २०० ला, थोडा बारीक आवाजात. तिसरा १०० च्या अगदी जवळ, १००.३ म्हणा. आता १०० आणि १००.३ एकमेकांशी जुळतात-फिटतात आणि साधारण दर तीन सेकंदांनी आवाज फुगतो, बसतो, फुगतो, बसतो. त्या फुगण्याशिवाय डीपी मेलेली वाटते. पावसात ओल्या चिनीमातीच्या चिमण्यांवर (तारा ज्यावर बांधतात ते इन्सुलेटर) जी चरचर होते ती पाहिजे असेल तर नॉइजचे अगदी बारके तुकडे रँडम ट्रिगरने मध्येमध्ये सोडायचे. मी एकदा हे रात्री घरात मोठ्याने लावलं होतं तर शेजारचे आप्पा बॅटरी घेऊन बाहेर आले, “लाइन गयी का रे भो?”

इथपर्यंत आपण नकला करत होतो. आता खरं प्रयोगाचं काम, आणि ते त्याच पहिल्या गोष्टीवर चालतं की भराभर आणि सावकाश यात मशीनला फरक नाही. एक ऑसिलेटर ४०० हर्ट्झला ठेवा, त्याच्या पिचला, म्हणजे सुराच्या उंचीला, एलएफओ लावा, सेकंदाला पाचचा. सायरन मिळाला. आता एलएफओचा स्पीड वाढवत न्या. दहा, पंधरा, सायरनची थरथर होते. विसाच्या पुढे गेलं की अचानक चढ-उतार ऐकू यायचेच बंद होतात आणि आवाजाचा रंगच बदलतो, घोगरा होतो, मग पत्र्याचा, मग काचेचा. झालं काय तर हलवणारं व्होल्टेज स्वतःच आवाजाच्या पट्ट्यात शिरलं, आणि ४०० च्या दोन्ही बाजूंना नव्या फ्रिक्वेन्सी उभ्या राहिल्या. समजा ९० ने हलवलं तर ३१० आणि ४९०, मग २२० आणि ५८०, असं पुढे पुढे. यातलं काहीच एकमेकांच्या पटीत नाही, म्हणून कान त्याला सूर म्हणायला तयार होत नाही. हा विसाच्या आसपासचा उंबरठा नॉबवर बोट ठेवून सावकाश ओलांडून बघा, पुन्हा मागे या, पुन्हा ओलांडा. नॉइज म्हणजे काय ते वाचून जेवढं कळेल त्याच्यापेक्षा यात जास्त कळतं.

रिंग मॉड्युलेटर याचाच भाऊ. दोन आवाज आत घेतो, त्यांचा गुणाकार करतो आणि बाहेर फक्त बेरीज-वजाबाकी देतो: ४४० आणि ३०० घातले तर ७४० आणि १४० बाहेर, मूळचे दोन्ही गायब. एन्व्हलप लावून ठोका दिला तर घंटा होते, पण कुठल्याच देवळात नसलेली.

सॅम्पल अँड होल्ड नावाचा भाग नॉइजला दर ठोक्याला एकदा मोजतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत तेच व्होल्टेज धरून ठेवतो, म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांचं रँडम. ते पिचला लावलं की जुन्या पिक्चरमधला बडबड्या कॉम्प्युटर. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधला आर-टू डी-टू आठवतो? त्याचा आवाज बेन बर्टने एआरपी २६०० सिंथ वापरून केला होता, पण नुसत्या सिंथवर भावना येईना म्हणून स्वतःच्या तोंडाने काढलेले चूं-चूं आवाज त्यात मिसळले. यातून घ्यायचं ते घ्या, नुसतं रँडम पाच मिनिटांत कंटाळवाणं होतं, कुठेतरी माणसाचा हात लागतो.

फिल्टरचा रेझोनन्स पूर्ण वर नेला तर बऱ्याच फिल्टरांत तो स्वतःच शिट्टी मारायला लागतो, आत काही सोडलं नाही तरी. कारण रेझोनन्स म्हणजे बाहेर आलेला आवाज परत आत फिरवणं, आणि एका मर्यादेपलीकडे ते चक्र स्वतःच्या पायावर चालतं. १९७८ चा कॉर्ग एमएस-२० याच किंचाळण्यासाठी नॉइजवाल्यांचा लाडका आहे.

आता खास आपल्या भागाचा विषय, ऊन. ॲनालॉग ऑसिलेटर तापमानाला फार हळवा. एक व्होल्टला एक सप्तक हा हिशोब ट्रान्झिस्टरच्या ज्या गुणधर्मावर बसवलेला असतो तो तापमानाबरोबर सरकतो, दर अंशाला साधारण ०.३३ टक्के. चांगल्या सिंथमध्ये याला उतारा म्हणून वेगळा रेझिस्टर घातलेला असतो. स्वस्तातल्या किंवा घरी बांधलेल्यात नसेल तर करा हिशोब: सकाळी २५ अंशांना ट्यून केला, दुपारी खोली ४२ वर, १७ अंशांचा फरक, म्हणजे साडेपाच-पावणेसहा टक्के. एका सप्तकामागे जवळपास दोन-तृतीयांश सेमिटोन कमी भरला, शिवाय अख्खा सूर सरकतो तो वेगळाच. गाणं वाजवणाऱ्याने भुसावळच्या मे महिन्यात असल्या मशीनवर रडावं. नॉइजवाल्याला मात्र फुकटात मिळालेला सरकता ऑसिलेटर आहे, तीन ऑसिलेटर एकाच सुरात लावून दुपारी बाराला सोडून द्या आणि ते एकमेकांपासून कसे फाकत जातात ते रेकॉर्ड करा.

मशीन महाग असतात हे खरं. पण सुरुवातीला सिंथ लागतच नाही. लॅपटॉप असेल तर व्हीसीव्ही रॅक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात वर सांगितलेलं जवळजवळ सगळं तारा ओढून करता येतं. आणि हात चालत असतील तर सीडी ४०१०६ नावाची आयसी घ्या, चहा-पोह्यांच्या पैशात येते. दुकानात मागायला गेलं की हमखास विचारतात, कशासाठी पाहिजे? आवाज काढायला म्हटलं तर उत्तर, “घरमा आवाज कमी शे का?”

या आयसीत सहा इन्व्हर्टर असतात (घरातला बॅटरीचा नाही, आत आलेलं उलटं करून देणारा भाग), म्हणजे सहा ऑसिलेटर. पिन १४ ला ९ व्होल्ट, पिन ७ ग्राउंड. पिन १ आणि पिन २ च्या मध्ये १०० के (म्हणजे १०० किलोओहम) रेझिस्टर, पिन १ पासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. झालं. कपॅसिटर भरत जातो, वरची खूण गाठली की आउटपुट उलटतं, मग तो रिकामा होत खालच्या खुणेला येतो, पुन्हा उलटतं, आणि हे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा. रेझिस्टरच्या जागी एलडीआर, म्हणजे उजेडाने बदलणारा रेझिस्टर, लावला तर उजेड वाढला की आवाज बारीक, हाताची सावली पडली की जाड. उरलेल्या इनपुट पिना ग्राउंडला बांधा, लटकत्या ठेवू नका. आउटपुट थेट ॲम्प्लिफायरला देऊ नका, ९ व्होल्टचा स्क्वेअर फार मोठा होतो, १०० के आणि १० के ची जोडी लावून उतरवा. आणि दुकानदार “तेच आहे” म्हणत ७४एचसी१४ देईल, ती ९ व्होल्टवर जळते, परत द्या. एक ऑसिलेटर जमला की दुसरा-तिसरा जोडा, मग बॅटरीच्या प्लसमध्ये एक पॉट (नॉबने फिरवायचा रेझिस्टर) टाकून सप्लाय उपाशी ठेवा, कारण उपाशी आयसीत ऑसिलेटर एकमेकांना ओढायला लागतात आणि जे काही बाहेर येतं ते कुठल्याच पुस्तकी सर्किटात नसतं. हे सगळं बॅटरीवरच. भिंतीच्या प्लगवर चालणाऱ्या वस्तूचं झाकण उघडून तारा जुळवायचा शौक करू नका.

आणि एकही पार्ट न घेता करायचं असेल तर जुना मिक्सर, साउंडवाल्यांकडे धूळ खात पडलेला असतोच एखादा. त्याचं आउटपुट त्याच्याच इनपुटमध्ये घाला. बस. आत काही वाजत नाही, फक्त मिक्सरची स्वतःची खरखर गोल फिरून मोठी होत जाते, आणि इक्वलायझरचे नॉब तिचा सूर बदलतात. जपानचा तोशिमारू नाकामुरा वर्षानुवर्षं फक्त यावर वाजवतोय. हा आवाज एका मिलिमीटरच्या नॉबात कुजबुजीवरून किंकाळीवर जातो, म्हणून मास्टर पूर्ण खाली ठेवून सुरू करा. ८५ डेसिबल आठ तास ही कानाची साधारण मर्यादा धरतात आणि दर ३ डेसिबलला वेळ अर्धा होतो, म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं, वरातीतल्या डीजेसमोर आपण किती वेळ उभे राहतो ते तुम्हीच बघा. हेडफोन पहिल्यांदा कानात नाही, गळ्यात अडकवा, फीडबॅक कुठल्या नॉबवर उसळतो ते कळलं की मग कानाला लावा.